श्रवणाचा पेपर

यंदा शेवटच्या वर्गात संगीताला एकटी नालिआका.
गेल्या साली चौघी होत्या.
हेडमास्तर म्हणाले, एका मुलीसाठी एक खोली,
एक मास्तर, वर तो पियानो,
ज्याच्या अकरा पट्ट्या मुक्या.
हिशेब बसत नाही, म्वालिमू.
मी म्हणालो, बसेल.
बसत नव्हताच.

खोली म्हणजे मक्याच्या कोठाराची मागची बाजू.
पलीकडे पिठाची गिरणी,
मध्ये एक पत्रा, त्याला खिळ्यांची भोकं.
दुपारी वहीवर, पियानोवर, तिच्या भुवयांवर
पांढरी भुकटी बसायची.

ती वाजवायची लितुंगू, सात तारांचं.
बाप हात लावू देईना, मुलींनी ते धरायचं नसतं म्हणे.
मग किमिलिलीच्या फाट्यावरचा वेकुलो,
सायकली दुरुस्त करणारा,
त्याने ब्रेकच्या तारा उसवून
तिला एक बांधून दिलं.
तेलाचा वास शेवटपर्यंत गेला नाही त्याचा.

मी शिकवायचो चार आवाजांची सुरावट.
चार आवाज, चार माणसं,
एकाच पायवाटेने पण एकमेकांचा पाय न तुडवता.
नियम असा, की दोघांनी पंचमाचं अंतर धरून
एकाच दिशेने चालायचं नाही.
का, सर?
परीक्षक गुण कापतो.
हे काही कारण नाही, सर.
मी लाल पेनाने रेघ ओढली. दुसरं काय करणार.

ऑगस्टात तिचा मामा गेला.
रात्री अंगणात बायका गात होत्या,
जाड आवाजांच्या खाली, बारीक आवाजांच्या वर,
मधलं अंतर जराही न सोडता
सगळ्या मिळून उतरत होत्या,
उतारावरून जळणाची मोळी आणावी तशा.
शेकोटीपलीकडून नालिआकाने माझ्याकडे पाहिलं
आणि हाताची पाच बोटं उघडून दाखवली.
मी फक्त ओठ हलवले:
परीक्षेत नाही.

श्रवणाचा पेपर मंगळवारी, साडेदहाला.
धून चार वेळा वाजणार, ऐकून लिहायची.
दुसऱ्या खेपेला, तिसऱ्या ओळीवर,
पलीकडे कुणी तरी पट्टा चढवला.
गिरणी सुरू.
मी धावत गेलो, तर रांगेत बायका, डोक्यावर डबे,
गिरणीवाला म्हणाला, यांची पोरं उपाशी ठेवू?
परत आलो तोवर पेपर संपला होता.

काय केलंस?
काही नाही, सर. गिरणीचा सूर एकच आहे, काळी पाच.
तेवढा वजा केला.
उरलं ते लिहिलं.

सतरा वर्षं मी त्या पत्र्याला टेकून शिकवतोय.
सतरा वर्षं तिला नुसता गोंगाट म्हणतोय.
त्या संध्याकाळी पियानोवर ती पट्टी दाबून पाहिली.
मुक्या अकरांतली निघाली.

निकालात तिला बी आला, उणे.
कशातून उणे, ते कुणी कळवलं नाही.
आता एल्डोरेतला असते, मोबाईलवरून पैसे पाठवायच्या
हिरव्या खोक्यात, लोकांचे आकडे मोजत.
लितुंगू खोलीवर आहे. घरमालकिणीला आवडत नाही.

यंदा संगीताला कुणीच नाही.
खोलीत खताची पोती आलीत.
परवा तिचा फोन आला, शेजारच्या दुकानातला फ्रिज म्हणे
गिरणीपेक्षा अर्ध्या सुराने चढा,
रात्री झोप लागत नाही.
मग म्हणाली, सर, चालू आहे का ती?
जरा फोन भिंतीला लावा.

मी पोत्यावर चढून फोन पत्र्याला धरला.
बराच वेळ काही नाही.
मग तिकडून एक आवाज, हळू,
गिरणीच्या बरोबर पंचमावर.
इतक्यात गिरणीवाल्याने पट्टा सोडला,
चाकं मंदावली, सूर घसरू लागला,
आणि तो जसजसा उतरला
तसतशी तीही उतरत गेली,
तेवढंच अंतर ठेवून, एकाच दिशेने,
पार तळाशी.

लाल पेन खिशातच होतं.